बंद मोटारीचा पावसाळा : ओल रोखायला खर्च किती?

१ जूनला मासेमारी बंद झाली की कोकण किनाऱ्यावरचे बर्फाचे कारखानेही मंदावतात. घाटावर साखर कारखान्यांचा गळीत हंगाम त्याआधीच उरकलेला असतो. नदीकाठच्या उपसा सिंचनाच्या पंपांना पावसाळ्यात कोणी विचारत नाही. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात दमट दिवसांत नेमक्या याच मोटारी उभ्या असतात. मे महिन्यात ठणठणीत चाललेली मोटार ऑगस्टमध्ये बटण दाबताच ब्रेकर पाडते. मग वायरमन मेगर लावतो आणि सांगतो, ‘साहेब, बॉडीला लागलीय.’

तिथून पुढे रिवाइंडिंग. ३० किलोवॅटची, म्हणजे ४० एचपीची मोटार असेल आणि वाइंडरने एचपीमागे ५०० ते ८०० रुपये लावले, तर २० ते ३२ हजार झाले. बेअरिंग, चढ-उतार, टेम्पोभाडं आणि जीएसटी वेगळं. हा खर्च टाळायला किती पैसे लागतात, त्याचा हा हिशोब. यातले दर अदमास यावा म्हणून दिले आहेत. गाव, मोटारीचं माप आणि दुकान यांप्रमाणे ते वर-खाली होणारच, तेव्हा दोन ठिकाणची कोटेशनं घ्यावीत. विजेचा दर हिशोबाला सोपा म्हणून युनिटला १० रुपये धरला आहे. तुमचा खरा दर हवा असेल तर बिलाच्या एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागा. छापील दरापेक्षा तो बराच वेगळा निघतो.

‘आयपी ५५ आहे, मग पाणी कसं जाईल?’

हा प्रश्न जवळपास प्रत्येक मालक विचारतो. आयपी ५५ मधला पहिला ५ धुळीसाठी आणि दुसरा ५ पाण्याच्या फवाऱ्यासाठी असतो. पाणी उडालं तर मोटार सांभाळून घेईल, एवढंच तो सांगतो. हवेतल्या वाफेबद्दल तो काहीच बोलत नाही. बंद अंगाची, पंख्याने बाहेरून गार होणारी मोटार हवाबंद नसते. चालताना तापली की आतली हवा फुगून शाफ्टच्या सीलमधून, टर्मिनल बॉक्सच्या फटीतून बाहेर पडते. थांबून गार झाली की तेवढीच हवा पुन्हा आत ओढली जाते आणि येताना बाहेरची ओल घेऊन येते. रोज तापणं, रोज थंडावणं, रोज थोडी ओल.

या ओलीचं पाणी व्हायला फार थंडी लागत नाही. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर साधारण २६ अंशांवरच दव धरतं. म्हणजे मोटारीचं लोखंड हवेपेक्षा दोन अंशांनी गार असलं तरी पुरे. पावसाची रात्र सरून सकाळी ऊन पडतं तेव्हा हवा लगेच तापते, चारशे किलोची मोटार मात्र तासन्‌तास मागे राहते. शेडच्या पत्र्याला आतून घाम सुटलेला दिसतो ना, तसाच तो त्या वेळी मोटारीच्या आतही सुटलेला असतो. उघड्यावरच्या मोटारीचं याहून वाईट. दुपारी तापलेल्या अंगावर अचानक सर आली की आतली हवा झटकन आकसते आणि मोटार भोवतालची सर्द हवा जोरात ओढून घेते.

किनाऱ्यावर आणखी एक भर पडते, मिठाची. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून विरघळू लागतं. वाइंडिंगवर खाऱ्या धुळीचा पातळ थर असेल तर पाण्याचा थेंबही दिसायला नको. तो थरच वीज वाहू लागतो. रत्नागिरी, वेंगुर्ला, मालवणच्या कारखान्यांनी म्हणून घाटावरच्या कारखान्यांचे अनुभव जसेच्या तसे उचलू नयेत.

या सगळ्यातून एक गोष्ट निघते आणि पैसे कुठे घालायचे ते तीच ठरवते. चोवीस तास चालणारी मोटार स्वतःच्या उष्णतेने कोरडी राहते. धोका उभ्या मोटारीला आहे. स्टँडबाय पंप, हंगामी कन्व्हेअर, आगीचा पंप, गोदामात ठेवलेली स्पेअर मोटार यांची आधी यादी करा. पन्नास मोटारींच्या कारखान्यात ही यादी बहुधा दहा-बाराच्या पुढे जात नाही, आणि खर्चही तेवढ्यांवरच करायचा आहे.

आधी मेगर

मोजल्याशिवाय खर्च करू नये. ४१५ व्होल्टच्या मोटारीसाठी ५०० व्होल्टचा मेगर पुरतो. देशी बनावटीचा डिजिटल मेगर चार ते दहा हजारांत येतो. नामांकित परदेशी कंपनीचा त्याच्या कितीतरी पट. दहा मोटारी सांभाळायच्या असतील तर देशी घ्या. वायरमनला दर वेळी बोलावलं तर एका मोटारीमागे दोनशे ते पाचशे रुपये जातात, म्हणजे दोन पावसाळ्यांत मेगरची किंमत निघाली.

वाचन कसं घ्यायचं? पुरवठा तोडून कुलूप लावायचं आणि केबल टर्मिनलवरून सोडवायची. मोटारीला ड्राइव्ह असेल तर तो आधी वेगळा करायचा, नाहीतर ५०० व्होल्टने ड्राइव्ह उडेल आणि मोटारीपेक्षा महागात पडेल. एक मिनिटानंतरचा आकडा लिहायचा आणि त्याच्याशेजारी तापमान. हा दुसरा आकडा लिहायचा कंटाळा केला तर पहिला निरुपयोगी. आयईईई ४३ या मानकाप्रमाणे हजार व्होल्टच्या आतल्या साध्या गुंडाळीच्या मोटारीला ४० अंशांवर किमान ५ मेगाओहम हवेत. पण तापमान दर १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचा रोध साधारण निम्मा होतो. पावसाळी सकाळी मोटार २५ अंशांवर असेल, तर तिथे १४ मेगाओहम दिसले तरच ते ४० अंशांवरच्या ५ मेगाओहमइतके. ‘सात दाखवतंय, पास आहे’ म्हणून चालू केलेली मोटार या हिशोबाने नापास असते.

शिवाय एकट्या आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. मे महिन्यात ५०० दाखवणारी मोटार जुलैत ४० वर आली असेल, तर ती पास असली तरी ओल धरते आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर पंधरा दिवसांनी एक आकडा लिहिला तरी हे कळतं. त्याला खर्च काही नाही.

हीटर : जो बहुतेकदा आधीच विकत घेतलेला असतो

दवावरचा खरा उपाय मोटार कोमट ठेवणं हा आहे. भोवतालच्या हवेपेक्षा आतलं तापमान पाचेक अंशांनी वर राहिलं की दव धरतच नाही. त्यासाठी वाइंडिंगच्या टोकांना पट्टीसारखा छोटा हीटर बांधतात. त्याला सगळे स्पेस हीटर म्हणतात. मोटारीच्या मापाप्रमाणे तो साधारण २५ ते २०० वॅटचा असतो.

आता एक काम करा. तुमच्या मोठ्या मोटारींचे टर्मिनल बॉक्स उघडा. सहा मुख्य टर्मिनलांखेरीज बाजूला दोन बारीक तारा किंवा छोटी पट्टी दिसते का? दिसली तर त्या बहुधा हीटरच्या किंवा तापमान सेन्सरच्या आहेत. झाकणाच्या आतल्या आकृतीवर ते लिहिलेलं असतं. मोटार घेताना हीटरचे पैसे मोजले आणि बसवताना तारा गुंडाळून तशाच ठेवल्या, असे कारखाने कमी नाहीत. खरेदी खात्याने मागवलं, ठेकेदाराच्या ड्रॉइंगमध्ये ती केबल नव्हती, संपला विषय.

हीटर जिवंत आहे का ते साध्या मल्टिमीटरवर कळतं. २३० व्होल्टच्या ५० वॅट हीटरचा रोध सुमारे १,०६० ओहम, १०० वॅटचा सुमारे ५३०. पंचवीस-पंचवीसचे दोन समांतर जोडलेले असून एक तुटला असेल तर १,०६० ऐवजी २,१०० च्या आसपास दिसेल. काहीच दिसलं नाही तर हीटर गेला, किंवा त्या तारा हीटरच्या नव्हेतच. सेन्सरच्या तारांना २३० व्होल्ट दिले तर सेन्सर जळेल, म्हणून आकृती पाहिल्याशिवाय जोडू नका.

हीटर आतच आहे, फक्त जोडायचा आहे, असं असेल तर एका मोटारीचा खर्च १,५०० ते ३,००० रुपयांत बसतो. त्यात पंधरा-वीस मीटर केबल, एक छोटा एमसीबी, पॅनलवर एक दिवा आणि वायरमनची मजुरी. मोटार चालू असताना हीटर बंद राहिला पाहिजे. त्यासाठी मुख्य कॉन्टॅक्टरचा एनसी कॉन्टॅक्ट वापरतात. तो मोकळा नसेल तर वरून बसवायचा ब्लॉक काही शे रुपयांत मिळतो.

पुरवठा कुठून घ्यायचा, हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा. मोटारीच्याच फीडरवरून घेतला तर हंगाम संपून फीडर पाडला की हीटरही मेला, म्हणजे जेव्हा हवा तेव्हाच नाही. साखर कारखान्यांत हे हमखास होतं, कारण बंद काळात दुरुस्तीसाठी पूर्ण पॅनलच पाडलेलं असतं. हीटरची लाइन दिवाबत्तीच्या डीबीवरून घ्या, तिला ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक लावा. पण मग दुसरी जबाबदारी येते : मुख्य स्विच पाडलेला असतानाही टर्मिनल बॉक्समध्ये २३० व्होल्ट असतात. बॉक्सवर मराठीत आणि हिंदीत ठळक पाटी लावा, आणि हीटरला स्वतंत्र, कुलूप लावता येणारा स्विच द्या. हे केल्याशिवाय हीटर जोडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

विजेचा खर्च किती? ५० वॅटचा हीटर दिवसाला १.२ युनिट खातो. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, १४६ युनिट, साधारण १,४६० रुपये. असे दहा हीटर असतील तर साडेचौदा हजार. इथे विक्रेता आर्द्रता मोजून आपोआप चालू-बंद होणारा हायग्रोस्टॅट सुचवेल. दीड ते तीन हजार रुपये. पुणे, नगर, सोलापूरकडे तो पैसे वसूल करेल, कारण तिथे पावसाळ्यातही कोरडे दिवस येतात. कोकणात घेऊ नका. तिथली आर्द्रता चार महिने खाली उतरतच नाही, तेव्हा तो हीटर चालूच ठेवणार.

हीटर नसलेल्या जुन्या मोटारीत तो नव्याने बसवता येतो. पट्टीचे हजार ते अडीच हजार, वाइंडरची मजुरी दीड ते तीन हजार. मात्र त्यासाठी मोटार उघडावी लागते. नुसत्या हीटरसाठी उघडण्यात शहाणपण नाही. बेअरिंग बदलायला मोटार दुकानात जाईल तेव्हाच हे काम सांगा, मजुरी अर्ध्यावर येते.

न उघडताही गरम ठेवता येतं. ड्राइव्हवर चालणारी मोटार असेल तर मॅन्युअलमध्ये ‘प्रीहीट’ किंवा ‘स्टँडस्टिल हीटिंग’ शोधा. बऱ्याच ड्राइव्हमध्ये थांबलेल्या मोटारीच्या वाइंडिंगमधून थोडा डीसी करंट सोडण्याची सोय असते. पॅरामीटर बदलायचा, बस्स. जादा खर्च फक्त विजेचा. ड्राइव्ह नसलेल्या मोठ्या मोटारीला ट्रान्सफॉर्मरने कमी व्होल्टेज, नेहमीच्या पाच-दहा टक्के, देऊन वाइंडिंगच हीटरसारखं वापरतात. ट्रान्सफॉर्मर आणि इंटरलॉक मिळून तीन ते आठ हजार लागतात. करंट किती ठेवायचा हे मात्र मोटार बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. फिटरच्या अंदाजावर हे करण्यासारखं नाही.

किरकोळ खर्चाची कामं

तळाचं भोक. मोटारीच्या सर्वांत खालच्या बाजूला पाणी निघून जायला भोक असतं आणि त्यात प्लॅस्टिकचं किंवा पितळी बूच. वर्षानुवर्षं ते कोणी काढत नाही, किंवा त्यावर रंगाचा थर बसलेला असतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बूच काढून पाणी येतंय का बघा. मोटार आडवी बसवण्यासाठी घेतली आणि उभी बसवली, तर भोक तळाला राहत नाही. मग पाणी साचायची जागा वेगळी आणि निघायची वेगळी.

ग्लँड. टर्मिनल बॉक्समध्ये केबल वरून येत असेल तर पाणी तिच्या अंगावरून थेट आत उतरतं. बॉक्स बहुतेक मोटारींत फिरवता येतो. केबल खालून किंवा बाजूने घ्या, आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या. डबल कॉम्प्रेशन ग्लँड दीडशे ते सहाशे रुपयांना मिळतो. न वापरलेल्या भोकात चिंधी कोंबलेली असते, तिथे तीस-चाळीस रुपयांचं बूच बसवा. झाकणाचं रबरी गॅस्केट कडक झालं असेल तर बदला.

उघड्यावरच्या मोटारीवर पत्र्याची टोपी : गावातला फॅब्रिकेटर दीड ते चार हजारांत करून देतो. बाजू मोकळ्या हव्यात, पंख्याला हवा अडता कामा नये.

आणि फुकटचं एक काम. दोन पंप असतील तर आठवड्याने आलटून-पालटून चालवा. ‘रोज पाच मिनिटं फिरवतो’ यात अर्थ नाही. तेवढ्यात मोटार तापत नाही, उलट एक श्वास घेऊन ओल आत घेते. अंग चांगलं तापेपर्यंत, तासभर तरी चालू द्या. चालवता येत नसेल तर महिन्यातून एकदा शाफ्ट हाताने फिरवून वेगळ्या जागी थांबवा. बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी बसून राहिल्या की तिथे गंज धरतो.

ज्यावर पैसे घालू नयेत

पावसाळ्याआधी मोटार प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळणं ही सर्रास दिसणारी पद्धत. आतली ओल आतच राहते आणि जमिनीतून येणारीही अडकते. झाकायचंच असेल तर वरून ताडपत्री टाका, खालून मोकळं सोडा.

सिलिका जेलच्या पुड्या हवाबंद खोक्यातल्या स्पेअर मोटारीला ठीक. शेडमध्ये बसवलेल्या मोटारीच्या टर्मिनल बॉक्समध्ये त्या टाकल्या तर काही दिवसांत भरतात आणि मग नुसत्या पडून राहतात.

आयपी ६६ ची महाग मोटार घेतली म्हणजे दव धरणार नाही, हाही गैरसमज. जिथे पाण्याच्या पाइपाने जमीन धुतात, मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात वगैरे, तिथे ती घ्या. दवासाठी घ्यायची असेल तर तेच पैसे हीटरवर घाला.

भिजलीच तर

मेगर खाली आला म्हणजे लगेच रिवाइंडिंग नव्हे. वाइंडिंग जळलेलं नसेल, नुसतं ओलं असेल, तर ते भट्टीत वाळवता येतं. रोटर काढून, तळाची बुचं उघडून ९० अंशांवर बारा ते सोळा तास आणि मग १०५ अंशांवर सहा ते आठ तास, अशी पद्धत मोठ्या उत्पादकांच्या पुस्तिकांत दिलेली आढळते. दुकानदार मापाप्रमाणे दीड ते पाच हजार घेतो. वरून वार्निशचा हात हवा असेल तर आणखी थोडे. काही जण हॅलोजनचा दिवा समोर ठेवून किंवा वेल्डिंग मशीन जोडून वाळवतात. हॅलोजनने एक बाजू भाजते, दुसरी ओलीच राहते. वेल्डिंग मशीनने किती करंट जातोय याचा पत्ता नसतो. भट्टी असलेलं दुकान शोधा, टेम्पोचं भाडं परवडतं.

पुरात बुडालेली मोटार ही वेगळी गोष्ट. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूण-महाडकडे ज्यांनी गाळ भरलेल्या मोटारी वरून पुसून चालू केल्या, त्यांच्या वाटेने जाऊ नका. आधी पूर्ण उघडून गोड्या पाण्याने गाळ धुवायचा, मग वाळवायचं, बेअरिंग नवीनच घालायची. खाऱ्या पाण्यात बुडाली असेल तर बहुतेक वेळा रिवाइंडिंगवाचून गत्यंतर नाही.

रिवाइंडिंग करावंच लागलं तर वाइंडरला एक गोष्ट विचारा : जुनी गुंडाळी कशी काढणार? स्टेटर ब्लोलॅम्पने भाजला तर आतल्या पत्र्यांवरचं इन्सुलेशन जातं आणि मोटार कायमची जास्त वीज खाते. ३० किलोवॅटच्या मोटारीची कार्यक्षमता ९३ वरून ९२ टक्क्यांवर आली आणि ती पूर्ण भाराने वर्षाला सहा हजार तास चालली, तर सुमारे २,१०० युनिट जादा जातात. म्हणजे दरवर्षी २१ हजार. स्वस्तातल्या रिवाइंडिंगचं बिल असं दरमहा येत राहतं, फक्त ते महावितरणच्या कागदावर असतं.

फ्लेमप्रूफ मोटारीला हात लावण्याआधी

लोटे, महाड, तारापूर, रोह्याच्या रासायनिक कारखान्यांत वर सांगितलेल्या अर्ध्या गोष्टी करायच्या नाहीत. स्फोटक वायूच्या क्षेत्रातल्या मोटारीला भोक पाडणं, मागाहून हीटर बसवणं, साधा ग्लँड लावणं याने तिचं प्रमाणपत्र रद्दबातल होतं आणि धोका खराखुरा वाढतो. अशा मोटारीला हीटर हवा असेल तर तो मोटारीच्या उत्पादकाकडूनच, प्रमाणपत्रासह आला पाहिजे. दुरुस्तीही अधिकृत दुकानातच. तिथे खर्च जास्त येतो आणि तो टाळण्याची वाट नाही.

नवी मोटार मागवताना

हीटर नव्या मोटारीतच मागवणं सगळ्यात स्वस्त पडतं, पण ऑर्डरवर नुसतं ‘हीटरसह’ लिहू नका. व्होल्टेज लिहा (२३० व्होल्ट सिंगल फेज), हीटरचे टर्मिनल वेगळे आणि नाव लिहिलेले हवेत असं लिहा, मोटार कोणत्या स्थितीत बसवणार ते लिहा म्हणजे तळाचं भोक बरोबर जागी येईल, आणि किनाऱ्याजवळ असाल तर वाइंडिंगला दमट हवामानासाठीचं जादा वार्निश किंवा इपॉक्सी लेप मागा. माल आला की गाडी सोडण्याआधी मल्टिमीटर आणि मेगर लावून दोन्ही आकडे चलनावर ड्रायव्हरसमोर लिहून घ्या. मोटार लगेच बसवायची नसेल तर खोक्यात असतानाच हीटरला पुरवठा द्या. बऱ्याच उत्पादकांच्या पुस्तिकांत साठवणुकीच्या अटींत हे स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि वॉरंटीचा वाद झाला तर ते पान आधी उघडलं जातं.